पेशीपटलावरील पंप आणि आपले ज्येष्ठमध

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या हातून एक चूक घडली. तिची नोंद येथे आरंभीच करतो, कारण पुढील सर्व विवेचन त्या चुकीतूनच उगवले आहे.

जवळच्या खेड्यातील पंचावन्न वर्षांच्या एक भगिनी अरुचि, हृल्लास आणि उरोदाह अशा तक्रारी घेऊन आमच्या चिकित्सालयात आल्या. लहानपणी रुमॅटिक ताप येऊन गेलेला, त्यामुळे हृदयाची एक झडप आकुंचित झालेली, नाडी विषम. शहरातील हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेल्या दोन गोळ्या त्या अनेक वर्षे घेत होत्या. कोणत्या, असे आम्ही विचारलेही. ‘एक छातीची आणि एक लघवीची’ असे उत्तर मिळाले व तेवढ्यावर आम्ही समाधान मानले. लक्षणे अम्लपित्ताची दिसली. यष्टिमधु चूर्ण तीन ग्रॅम दिवसातून दोन वेळा दुधातून, आणि रात्री कोमट पाण्यासह अविपत्तिकर, अशी योजना करून पथ्य सांगितले. यांत वावगे काय आहे, असे कोणीही वैद्य विचारील. आम्हांसही तेव्हा काही वावगे वाटले नाही.

अठराव्या दिवशी त्यांना भोवळ आली. नाडी मंद आणि अधिकच विषम झाली. मुलाने तालुक्याच्या रुग्णालयात नेले. रक्तातील पोटॅशियम २.६ निघाले, हृदयालेखावर डिगॉक्सिनच्या विषबाधेची चिन्हे होती. ‘छातीची गोळी’ म्हणजे डिगॉक्सिन आणि ‘लघवीची’ म्हणजे फ्युरोसेमाइड. सायंकाळी तेथील तरुण डॉक्टरांचा दूरध्वनी आला. आवाजात कोठेही उपहास नव्हता. ‘सर, चूर्णात ज्येष्ठमध होते का?’ एवढेच त्यांनी विचारले. आम्ही ‘होते’ म्हणालो, आणि रात्रभर झोप लागली नाही. शिरेतून पोटॅशियम देऊन व डिगॉक्सिन थांबवून त्या सहाव्या दिवशी घरी परतल्या, हे आमचे भाग्य.

आम्हांस लागलेली खंत दुहेरी आहे. आमच्या औषधाने पोटॅशियम उतरले, ही एक. दुसरी अधिक बोचणारी. अरुचि आणि हृल्लास ही डिगॉक्सिन अधिक झाल्याची अगदी आरंभीची लक्षणे होत. म्हणजे त्या भगिनी आमच्याकडे आल्या तेव्हाच कदाचित विषबाधेच्या उंबरठ्यावर उभ्या होत्या, आणि आम्ही त्यांस अम्लपित्त ठरवून पुढे ढकलले.

हे सर्व ज्या एका प्रथिनाभोवती फिरते, त्याची ओळख आपल्यापैकी बहुतेकांनी महाविद्यालयात शरीरक्रियेच्या परीक्षेपुरती करून घेतली आणि पदवीबरोबर पेटीत ठेवून दिली. ती पेटी उघडण्याची वेळ आली आहे, असे आमचे नम्र परंतु ठाम मत आहे.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे दुहेरी पटल असते. पाण्यात विरघळलेला व विद्युतभार वाहणारा कण, ज्यास आयन म्हणतात, या स्नेहपटलातून आपण होऊन पार होऊ शकत नाही. पटलात जागोजागी प्रथिनांची द्वारे असतात. त्यांतून मात्र तो उताराच्या दिशेने, म्हणजे जेथे दाटी अधिक तेथून जेथे कमी तेथे, झिरपत राहतो. असे झिरपणे अखंड चालू राहिले तर काही काळाने आत-बाहेर सारखेच व्हावयास हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही. रक्तरसात सोडियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, तर पेशीच्या आत १० ते १५. पोटॅशियमचे नेमके उलट: आत १४० च्या आसपास, बाहेर अवघे ३.५ ते ५. ही तफावत जन्मापासून मृत्यूपर्यंत टिकते. याचा अर्थ कोणीतरी चढाच्या दिशेने सतत वाहतूक करीत आहे.

आमच्या पिढीने विहिरीवरची मोट पाहिली आहे. पाणी आपण होऊन वर येत नाही. बैलाला वैरण घालावी लागते. पेशीपटलावरील ही मोट म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप, आणि तिची वैरण म्हणजे एटीपी हे ऊर्जाद्रव्य. पंपाचे तोंड प्रथम आतल्या बाजूस उघडे असते. त्यात तीन सोडियम बसतात. एटीपीमधील एक फॉस्फेट पंपास चिकटतो, त्यासरशी पंपाचा आकार पालटतो, तोंड बाहेरच्या बाजूस होते व सोडियम बाहेर पडतात. आता बाहेरचे दोन पोटॅशियम त्या रिकाम्या जागी येतात. ते आले की फॉस्फेट गळून पडतो, पंप मूळ आकारावर येतो आणि पोटॅशियम आत सोडले जातात. एक एटीपी, तीन बाहेर, दोन आत. फॉस्फेट चिकटलेला आणि तोंड बाहेर केलेला जो मधला क्षण आहे, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सारी कथा त्या क्षणाची आहे.

विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा ढोबळमानाने पाचवा ते चौथा हिस्सा या एका पंपावर जातो. मेंदूत तर प्रमाण याहून पुष्कळ अधिक. हा व्यय व्यर्थ नव्हे. पंप थांबला तर सोडियम आत साचतो, त्यामागोमाग पाणी येते आणि पेशी फुगते. नाडीतंतूंचा संदेश, स्नायूचे आकुंचन, आतड्यातील साखरेचे शोषण, वृक्कातील मूत्रनिर्मिती, ही सर्व कामे या पंपाने रचून ठेवलेल्या उतारावर चालतात. रक्तपेढीत याचा पुरावा रोज पाहावयास मिळतो. चार अंशांच्या आसपास ठेवलेल्या रक्तात थंडीमुळे पंप जवळजवळ निपचित पडतो आणि रक्तकणांतील पोटॅशियम दिवसेंदिवस बाहेर झिरपत जाते. तेच कण रुग्णाच्या उबदार शरीरात गेले की पंप पुन्हा कामास लागतो.

या पंपाचा शोध कसा लागला, ते सांगण्याचा मोह आवरत नाही. शिवाय त्या कथेचा धागा थेट आपल्या उपविषांपर्यंत येतो. डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठातील येन्स स्कौ हे मूळचे वैद्यकाचे पदवीधर, शस्त्रकर्माचा अनुभव घेतलेले. स्थानिक भूल देणारी द्रव्ये नाडीतंतूंवर कशी कार्य करतात, हा त्यांचा विषय होता. समुद्रकाठच्या खेकड्यांच्या पायांतील नाड्या काढून, त्या वाटून, पटलाचे तुकडे ते तपासत. त्या तुकड्यांत एटीपी फोडणारे एक विकर त्यांस आढळले. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतील तरच ते खऱ्या अर्थाने जागे होई. हे १९५७ साली प्रसिद्ध झाले. पंपाचाच हा अवयव असावा, असा संशय त्यांस होता, पुरावा नव्हता.

पुढच्या वर्षी व्हिएन्नातील जीवरसायन परिषदेत त्यांची गाठ रॉबर्ट पोस्ट या अमेरिकी संशोधकाशी पडली. पोस्ट हे तांबड्या रक्तकणांतून होणारी वाहतूक मोजत असत. तुमचे विकर औबेनने थांबते काय, असे त्यांनी विचारले. स्कौ यांस औबेन ठाऊकच नव्हते. ते आफ्रिकेतील बाणांस लावण्याचे वनस्पतिज विष, डिजिटॅलिसच्या कुळातील. अशी हृदयौषधे रक्तकणांतील आयनांचे वहन रोखतात, हे शाट्समान यांनी १९५३ मध्येच दाखविले होते. स्कौ यांनी तेथूनच आपल्या प्रयोगशाळेत दूरध्वनी करून प्रयोग करावयास सांगितले. विकर थांबले. बाणावरच्या विषाने साक्ष दिली की हाच तो पंप. स्कौ यांस १९९७ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते.

आता आपल्या बागेत यावे. कण्हेर, अर्थात करवीर, चरकाच्या कुष्ठघ्न महाकषायात आहे. रसतरंगिणीने सांगितलेल्या अकरा उपविषांत करवीर आणि अर्क दोन्ही आहेत. कण्हेरीतील ओलिअँड्रिन, रुईतील कॅलोट्रोपिन, अंगणात पिवळ्या फुलांनी डवरणाऱ्या बिट्टीतील थेव्हेटिन, कोकणच्या माळावरील रानकांद्याची हृदयद्रव्ये, ही सर्व त्याच पंपास त्याच जागी पकडतात. आम्ही वर ज्या क्षणाकडे लक्ष वेधले, तो हाच. पंपाचे तोंड बाहेर असताना ही द्रव्ये त्यात रुतून बसतात व मोट तेथेच अडकते. श्रीलंकेत बिट्टीच्या बिया खाऊन आत्मघात करण्याचे प्रकार १९८० नंतर वाढले. डिगॉक्सिनवरील प्रतिविष त्या विषबाधेतही उपयोगी पडते, असे तेथील चाचणीने २००० साली दाखवून दिले. कुळ वेगळे, खंड वेगळा, कुलूप मात्र एकच.

आपल्या आचार्यांनी करवीरास शोधनाविना हात लावू नये असे बजावले आणि दोलायंत्रात गोदुग्धाने स्वेदन सांगितले. त्यांस पंप ठाऊक नव्हता. द्रव्य मारक आहे, मात्रेत तारक आहे आणि हलक्या हाताने हाताळण्याजोगे नाही, हे मात्र अनुभवाने पक्के ठाऊक होते. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिसवर ग्रंथ लिहिला, तोही एका वृद्धेच्या घरगुती काढ्याच्या कृतीवरून सुरुवात करूनच. वीसेक वनस्पतींच्या त्या मिश्रणातील कामाची कोणती, हे त्यांनी ओळखले व नंतरची दहा वर्षे मात्रा आणि अपाय टिपत राहिले. गुण सांगणारे पुष्कळ असतात. अपाय टिपणारे थोडे.

डिगॉक्सिन हृदयास बळ कसे देते, हे आता सुलभ होते. पंप अंशतः अडला की हृदयपेशीत सोडियम किंचित वाढतो. त्याच पटलावर आणखी एक अदलाबदल चालते. तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर टाकला जातो. आतला सोडियम वाढल्याने उतार कमी होतो, कॅल्शियम पुरेसा बाहेर जात नाही, आणि तो स्नायूचे आकुंचन अधिक जोमाने करवितो. थोडा अडथळा म्हणजे औषध, थोडा अधिक अडथळा म्हणजे विष. या दोहोंतील अंतर इतके अरुंद आहे की रक्तातील डिगॉक्सिन आज मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमच्याही खाली राखण्याचा प्रघात आहे आणि दोनच्या पुढे धोका मानतात.

आणि येथे पोटॅशियम प्रवेश करते. बाहेर तोंड केलेल्या पंपात डिगॉक्सिन शिरू पाहते, आणि पोटॅशियमही. पोटॅशियम आले तर पंप मिटतो आणि डिगॉक्सिनची संधी हुकते. रक्तातील पोटॅशियम उतरले की पंप अधिक वेळ तोंड उघडून राहतो, आणि कालपर्यंत सोसणारी तीच गोळी, तितकीच गोळी, आज विष होते. आमच्या रुग्णेची डिगॉक्सिनची मात्रा कोणीही वाढविली नव्हती. फ्युरोसेमाइडने मूत्रावाटे पोटॅशियम जातच होते. अविपत्तिकरातील त्रिवृताने मलावाटे त्यात भर घातली. राहिलेले काम यष्टिमधाने केले.

यष्टिमधाविषयी अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण ते आपले लाडके द्रव्य आहे. जीवनीय, कंठ्य, वर्ण्य अशा अनेक गणांत त्याचा समावेश. बालकांपासून वृद्धांपर्यंत सर्वांस देताना हात कधी आखडत नाही. त्यातील ग्लिसरायझिन आतड्यात विघटित होऊन जे आम्ल बनते, ते वृक्कातील एका विकरास रोखते. त्या विकराचे काम असे की शरीरातील कॉर्टिसॉलचे तेथेच निष्क्रिय रूपांतर करावे. ते थांबले की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरोनच्या जागी जाऊन बसते आणि त्याच्यासारखेच वागू लागते. वृक्कनलिकेतील सोडियमची द्वारे उघडतात, पेशीच्या रक्ताकडील बाजूस असलेले आपले हेच पंप अधिक जोमाने चालू लागतात, सोडियम व पाणी शरीरात राहते, रक्तदाब वाढतो, आणि पोटॅशियम मूत्रात वाहून जाते. विचित्र योग पाहावा: वृक्कातील पंप यष्टिमधाने धावडविला, आणि त्यामुळे हृदयातील पंप डिगॉक्सिनच्या तावडीत सापडला.

ही काही नवी बातमी नव्हे. नेदरलँड्समधील रेव्हर्स या डॉक्टरांनी जठरव्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा अर्क देऊन गुण आल्याचे आणि काहींच्या अंगावर सूज आल्याचे १९४६ सालीच नोंदविले होते. आपण अम्लपित्तात देतो त्याच द्रव्याची, त्याच स्थानी, ही नोंद आहे. २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील ५४ वर्षांच्या एका गृहस्थांचा वृत्तान्त वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांची रोज दीड पिशवी ते काही आठवडे खात होते. पोटॅशियम घसरून हृदय थांबले आणि ते दगावले. तो अतिरेक होता, हे मान्य. पण आपली मात्रा किती? युरोपीय समुदायाच्या वैज्ञानिक समितीने ग्लिसरायझिक आम्लाची दिवसाला १०० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली आणि २००३ मध्ये ती कायम ठेवली. चूर्णात हे द्रव्य ४ टक्के धरले, आणि उत्तम मुळात ते याहून अधिकही असते, तर आमच्या सहा ग्रॅममधून त्या भगिनींच्या पोटात रोज २४० मिलिग्रॅम जात होते. निरोगी माणसाने काही दिवस हे सहज सोसले असते. शिवाय यष्टिमधु थांबविले तरी त्याचा परिणाम दोनेक आठवडे रेंगाळू शकतो. ‘आजपासून बंद करा’ म्हटल्याने उद्या सर्व पूर्ववत होत नाही.

औषधी निर्माते व विक्रेते यांस या ठिकाणी आम्ही विशेष विनंती करू इच्छितो. १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची ई(१) मध्ये करवीर, अर्क, वत्सनाभ, भल्लातक आदी विषद्रव्यांची यादी आहे, आणि त्यांपासून बनविलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे नियम १६१ प्रमाणे बंधनकारक आहे. ही सूचना उचित आहे. परंतु यष्टिमधु विष नसल्याने त्या यादीत नाही, आणि नसावेही. परिणाम असा की ज्या करवीराचा आभ्यंतर प्रयोग आज क्वचितच कोणी करतो, त्याची बाटली सावध करते. आणि जे ज्येष्ठमध खोकल्याच्या पाकात, घशाच्या गोळ्यांत, अम्लपित्ताच्या चूर्णात घरोघरी जाते, ते मूक राहते. २०२० व २०२१ च्या साथीत कित्येक घरांत महिनोन्‌महिने काढे उकळले गेले. त्यांत ज्येष्ठमधाची कांडी टाकणारे थोडे नव्हते. हृदयाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या त्याच घरांत होत्या.

असे छापले तर ग्राहक बिचकेल, असे काही औषधालयचालक मित्र आम्हांस म्हणाले. एक जण तर म्हणाले, ‘वैद्यराज, आयुर्वेदिक म्हणजे अपाय नाही, यावरच आमचे दुकान चालते.’ त्यांच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटले, परंतु युक्तिवाद पटला नाही. ज्या द्रव्यास गुण आहे त्यास कर्म आहे, आणि ज्यास कर्म आहे ते अस्थानी योजिले तर अपाय करणार; हे तर आपल्याच शास्त्राचे म्हणणे आहे. ‘हृदयरोग, उच्च रक्तदाब अथवा मूत्रल औषधे चालू असल्यास वैद्यांचा सल्ला घ्यावा’ अशी एक ओळ वेष्टनावर छापण्यास किती शाई लागते? कायद्याने सांगण्याची वाट पाहू नये. आपण होऊन छापणाऱ्या निर्मात्याचे चूर्ण आम्ही तरी अधिक विश्वासाने लिहून देऊ.

याच पंपाची दुसरी बाजूही आहे. यवक्षार, अपामार्गक्षार यांसारख्या वनस्पतींच्या राखेपासून केलेल्या क्षारांत पोटॅशियमचे लवण मुख्य असते. मूत्रकृच्छ्र, अश्मरी यांत आपण ते योजितो. निरोगी वृक्क जादा पोटॅशियम बाहेर टाकते. दुबळे वृक्क टाकू शकत नाही. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल वा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याच्या शरीरात ते आधीच अडून राहिलेले असते. अशा रुग्णास क्षार द्यावा, वर एका शहाळ्यात अर्ध्या ग्रॅमहून अधिक पोटॅशियम असलेले नारळपाणी पथ्य म्हणून सांगावे, आणि कळू नये की आपण त्यास दुसऱ्या टोकाच्या कड्याकडे नेत आहोत! पोटॅशियम चढले तरी हृदय थांबते. त्यातही बाजारात ‘यवक्षार’ या नावाने मिळणारे प्रत्येक पांढरे चूर्ण खरोखरच जवाच्या राखेचे असते, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? पोटॅशियमऐवजी सोडियमचे लवण निघाले, तर शोथाच्या रुग्णास दिलेला तोच क्षार शोथ वाढवील. क्षारात सोडियम किती व पोटॅशियम किती, हे कोणतीही साधी प्रयोगशाळा मोजून देऊ शकते. निर्मात्यांनी घाणीगणिक तेवढे तरी मोजावे.

आता आपल्याच घरातील दोन आक्षेपांविषयी. पहिला आक्षेपच नव्हे, अतिउत्साह आहे. परिसंवादांत आम्ही अनेकदा ऐकले आहे की चरकाने विमानस्थानात स्रोतसांचे वर्णन केले, तेच हे पेशीपटलावरील मार्ग. सोडियम म्हणजे अमुक दोष आणि पोटॅशियम म्हणजे तमुक. टाळ्या पडतात. अशा समीकरणांनी एकाही रुग्णाचे पोटॅशियम तपासले गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. स्रोतोविमान हा महान अध्याय आहे. त्याची थोरवी सिद्ध करण्यासाठी त्यास खेकड्याच्या नाडीतील विकराचे प्रमाणपत्र लागत नाही. त्या विकरास चरकाची संमतीही लागत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा: हे आयन, हे पंप ही त्यांची भाषा, आपला संबंध काय? आमचे उत्तर असे की, रुग्ण एकच आहे. शुद्ध आयुर्वेदाचा रुग्ण, ज्याने आधी कोणतीही गोळी घेतलेली नाही, असा आपल्या ओसरीवर आज कितीसा येतो? मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग यांची औषधे घेतच तो येतो. अम्लपित्ताचा म्हणावा, तर पँटोप्राझोलची पाकिटे संपवून आलेला असतो, आणि ती गोळीही याच पंपाच्या एका चुलत भावावर, जठरात पोटॅशियम आत घेऊन आम्ल बाहेर टाकणाऱ्या पंपावर काम करते. रुग्णाच्या शरीरात जे आधीच चालू आहे ते न जाणता प्रकृति-विकृति, बल, सात्म्य यांचे परीक्षण पूर्ण झाले, असे कसे म्हणावे?

संशोधनकर्माविषयी एक गोष्ट सांगून हा भाग आवरतो. विरेचनात पाण्याबरोबर पोटॅशियम जाते, हे उघड आहे. त्यानंतरच्या संसर्जनक्रमात तांदळाची पेया, सैंधव घातलेली, आपण देतो. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धात बोनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आणले, ते याच पंपाच्या बळावर. आतड्याच्या पेशीतील सोडियम पंप बाहेर उपसतो, म्हणून नवा सोडियम साखरेचा हात धरून आत येतो, आणि मागोमाग पाणी. पुढे तांदळाच्या पिठाचे द्रावणही तसेच उपयोगी ठरले. पेयेचा अनुभव किती पक्का होता, ते यावरून दिसते. पण पेयेत पोटॅशियम बेताचेच असते. डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णास केवळ पेयेच्या भरवशावर विरेचन देणे आम्हांस आता धजवत नाही. आधी व नंतर रक्तपरीक्षण केल्यावाचून तर नाहीच.

आमच्या केसपेपरवर आता नाडीच्या वर एक रकाना आहे: चालू असलेल्या इतर औषधांची नावे. गोळ्यांची पाकिटे प्रत्यक्ष आणून दाखविल्याखेरीज तो भरला जात नाही, आणि तो रिकामा असेल तर आमचा कंपाउंडर पुडी बांधत नाही. प्रथम रुग्ण कुरकुरले; आता पिशवीतून पाकिटे आपणच काढून ठेवतात. मूत्रल औषध वा डिगॉक्सिन दिसले की यष्टिमधु वर्ज्य, आणि अन्य विकल्पांचा विचार. अम्लपित्तात आवळा आहे, शतावरी आहे. आपली झोळी रिकामी नाही. दीर्घकाळ यष्टिमधु द्यावयाचे तर रक्तदाब मोजणे आणि महिन्याने पोटॅशियम पाहणे, हा नेम ठेवला आहे.

आयुर्वेदीय औषधांच्या अपायांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ पासून अस्तित्वात आहे. आम्ही आमची ही घटना तेव्हा कळविली का? नाही. संकोच वाटला, शास्त्राची बदनामी होईल असे मनात आले. आपल्या सभासदांपैकी किती जणांच्या मनात असेच आले असेल, याचा विचार करवत नाही. तो अर्ज आता भरून पाठविला आहे. संघाच्या येत्या वार्षिक सभेत दोन ठराव आम्ही मांडणार आहोत: सभासदांच्या केसपेपरवर वरील रकाना असावा, आणि सभासद निर्मात्यांनी यष्टिमधुयुक्त व क्षारयुक्त औषधांच्या वेष्टनावर ती एक ओळ छापावी. अनुमोदक हवा आहे. विरोध असेल तर तोही सभेत उभे राहून व्हावा. आम्ही ऐकावयास तयार आहोत.

त्या भगिनी गेल्या महिन्यात येऊन गेल्या. पाकिटे आणली होती. तक्रार गुडघ्यांची होती.